पुणे ते नाणेघाट : सहकुटुंब प्रवासाची एक वाट



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा माझ्या एका स्नेह्याने मला विचारले, "सहलीवर कसले व्याख्यान देता? गाडीत बसावे, जावे, पाहावे, जेवावे आणि परत यावे. ह्यात समजावून सांगण्यासारखे आहे काय?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर म्हणून मी त्याला आमच्या घरची एक गोष्ट सांगितली. तीच आपल्यालाही सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही घरची सात माणसे एक जीप ठरवून जुन्नरकडे गेलो होतो. एका दिवसात सहा ठिकाणे पाहावयाची, असा माझा बेत होता. कागदावर वेळापत्रक काढले होते. प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटे. पहाटे पाचला निघालो, रात्री अकराला घरी आलो, आणि सहाही ठिकाणे झाली. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या अभिमानाने धाकट्या मुलाला विचारले, "काय काय पाहिलेस, सांग बघू." तो जरा विचार करून म्हणाला, "पाठी पाहिल्या. पुढे तुम्ही, तुमच्या पुढे काका, त्यांच्या पुढे आणखी लोक. सगळ्यांच्या पाठी." घरात हशा पिकला, पण मला तो बोल लागला. पोराने खोटे काही सांगितले नव्हते. आम्ही ठिकाणे केली होती. पाहिले कोणीच नव्हते.

तेव्हापासून मी ह्या गोष्टीचा विचार करू लागलो आणि माझ्यापुरते एक साधे सूत्र मला सापडले. ते असे, की ठिकाणे पाहावयाची असतील तर आधी वाट पाहावी. किल्ला, लेणे, देऊळ, बाजारपेठ ही काही आकाशातून पडलेली नसतात. कोणती तरी वाट तेथून जात होती म्हणून ती तेथे झाली. तेव्हा प्रत्येक ठिकाणी आपण आपल्या मुलांना आणि मुलांनी आपल्याला एकच प्रश्न विचारावा : "हे इथेच का?" हा प्रश्न बरोबर असला, की सहा ठिकाणांचे एक ठिकाण होते आणि सहलीला अर्थ येतो. हे नुसते बोलून पटणार नाही. म्हणून पुण्याहून नाणेघाटापर्यंतची वाट मी आज आपल्यापुढे उलगडून दाखवितो. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. दोन दिवस आणि एक मुक्काम एवढी सवड असली म्हणजे पुरे.

प्रथम तयारी. ह्या वाटेला थंडीचे दिवस उत्तम. पावसाळ्यात घाटमाथा फार सुंदर दिसतो हे खरे. परंतु सुटीच्या दिवशी गर्दी होते, धुके दाटते, कड्यावरचा दगड निसरडा होतो, आणि लहान मुले व वृद्ध बरोबर असताना हा धोका पत्करू नये. सध्याच्या उन्हाळ्यात जाणार असाल तर चढाव सकाळी दहाच्या आत उरकावा. पाणी घरचे न्यावे. एक छापील नकाशा अवश्य बरोबर घ्यावा. मोबाईलवर रस्ता सापडतो, पण त्यात आपल्याला पुढचे वळण तेवढे दिसते. सह्याद्रीची रांग कुठे, नदी कुठून आली, हे एका दृष्टिक्षेपात नकाशावरच कळते. आणि प्रत्येक मुलाकडे एकेक काम सोपवावे. एकाने नद्या मोजाव्यात, दुसऱ्याने डोंगर ओळखावेत, तिसऱ्याने हिशेब ठेवावा. काम असले की मूल खिडकीबाहेर बघते.

पुणे सोडून नाशिकच्या रस्त्याला लागलो, की नद्या मोजणाऱ्याचे काम सुरू होते. मोशीजवळ इंद्रायणी लागते. पुढे चाकण ओलांडल्यावर भामा, राजगुरुनगरला भीमा, मंचरच्या पुढे घोड, नारायणगावला मीना आणि जुन्नरला कुकडी. मुलाला विचारावे, "ह्या सगळ्या कुठून कुठे चालल्या आहेत?" उत्तर आहे, डावीकडून उजवीकडे, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे. ह्या नद्या सह्याद्रीच्या माथ्याशी उगम पावतात. तेथून अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्या आतबाहेर असेल, पण त्यांची पाठ समुद्राकडे असते. त्या सगळ्या शेवटी भीमेला मिळतात, भीमा कृष्णेला मिळते, आणि ते पाणी सारा मुलूख ओलांडून बंगालच्या उपसागराला जाते. सह्याद्री पश्चिमेला भिंतीसारखा तुटलेला आणि पूर्वेला उतरणीचा, म्हणून असे होते. ही भिंत ध्यानात ठेवावी. पुढच्या सगळ्या कोड्यांची उकल त्या भिंतीत आहे. समुद्राकडचा माल देशावर आणावयाचा तर ती भिंत कुठे तरी फोडावी लागणार, आणि जेथे ती फुटते तेथे वाट होणार.

आता रस्ता रुंद झाला आहे आणि गावांना बाह्यवळणे झाली आहेत. प्रवास सुखाचा झाला, पण गावे दिसेनाशी झाली. चाकण म्हटले की आपल्याला कारखाने आठवतात. तेथे गावातच संग्रामदुर्ग नावाचा भुईकोट किल्ला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १६६० साली शायिस्ताखानाने ह्या लहानशा कोटाला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्याने तो सुमारे पंचावन्न दिवस झुंजवला. एवढ्या मोठ्या फौजेला ह्या किरकोळ कोटाची एवढी गरज का पडावी? उत्तर वाटेत आहे. जुन्नरहून पुण्याकडे येणारी वाट चाकणवरून जाते. पाठीमागे शत्रूचे ठाणे ठेवून पुण्यात स्वस्थ बसता येत नाही. आज तट ढासळलेला आहे, परंतु मुलांना खंदक दाखवावा आणि हा प्रश्न विचारावा.

राजगुरुनगर म्हणजे जुने खेड. भीमेच्या काठी राजगुरूंचा वाडा आहे. शिवराम हरि राजगुरू ह्यांचा जन्म १९०८ सालचा, आणि २३ मार्च १९३१ रोजी लाहोरला ते भगतसिंग व सुखदेव ह्यांच्याबरोबर फासावर गेले. तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. वाड्यात पंधरा मिनिटे थांबावे. घरात कॉलेजात जाणारे मूल असेल तर त्याला हे वय सांगावे. आणखी काही सांगण्याची गरज पडत नाही.

नारायणगाव हे ह्या वाटेवरचे मोठे बाजाराचे गाव. येथला टोमॅटोचा बाजार आणि द्राक्षे प्रसिद्ध आहेत. तमाशाच्या फडांचे हे माहेरघर आहे. विठाबाईंनी आपल्या नावापुढे 'नारायणगावकर' लावले आणि गावाचे नाव सर्वदूर नेले. यात्रांच्या हंगामाआधी येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन सुपाऱ्या ठरवतात. आता विचारा, इथेच का? पुणे-नाशिक रस्ता येथून जातो, आणि घाटमाथ्याच्या व देशावरच्या गावांना हे ठिकाण सोयीचे पडते. वाटेने बाजार आणला आणि बाजाराच्या मागे करमणूक आली.

नारायणगावहून थोडे आत खोडद आहे. शेतांमधून जाता जाता एकाएकी अवाढव्य वाट्या दिसू लागतात. ही महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. डॉ. गोविंद स्वरूप ह्यांच्या कल्पनेतून आणि नेतृत्वाखाली ती १९९० च्या दशकात उभी राहिली. एकेका वाटीचा व्यास पंचेचाळीस मीटर, आणि अशा तीस. त्यांतल्या चौदा खोडदजवळ एकत्र आहेत, बाकीच्या सोळा तीन दिशांना पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. तिसांचे निरीक्षण एकत्र केले म्हणजे तेवढ्या विस्ताराच्या एका दुर्बिणीसारखे काम होते. मुले हमखास विचारतात, "ह्या वाटीला भोके कशी?" कारण सोपे आहे. रेडिओ लहरी लांब असतात; जाळीची भोके त्यांच्या मानाने इतकी लहान, की त्या आरपार जात नाहीत, परावर्तित होतात. वारा मात्र जाळीतून निघून जातो. त्यामुळे वाटी हलकी झाली आणि खर्चही आवाक्यात राहिला. पाहण्यास जावयाचे तर आधी चौकशी करून परवानगी घ्यावी, आणि तेथे मोबाईल बंद ठेवावेत. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो, की खिशातला मोबाईलही त्यापुढे कर्कश ठरतो. आणि हे इथेच का, ह्याचे उत्तरही तेच. मोठ्या शहरांचा रेडिओ गोंगाट येथे कमी, भोवती डोंगरांचा आडोसा, आणि तरी पुणे जवळ. जे डोंगर एके काळी व्यापाऱ्यांच्या वाटेत आडवे येत होते, तेच आज शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडत आहेत.

मुक्काम जुन्नरला करावा. ह्या गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. एका गावाभोवती एवढी लेणी भारतात अन्यत्र नाहीत, असे अभ्यासक सांगतात. बहुतेक लेणी बौद्ध भिक्षूंसाठी, इसवी सनाच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन-तीन शतकांत खोदलेली. तुळजा लेण्यात एक चैत्यगृह आहे, ते पाहण्यासारखे आहे : वाटोळी खोली, बारा साधे खांब, मधोमध स्तूप. नक्षीकाम काही नाही. परंतु दगड फोडून वर्तुळ साधणाऱ्या कारागिराचा हात किती स्थिर असेल, हे पाहताना कळते.

सर्वांना ठाऊक असलेले लेणे लेण्याद्रीचे. अष्टविनायकांतला गिरिजात्मज येथे आहे. वर जाण्यास पायऱ्या पुष्कळ आहेत. वृद्धांसाठी डोलीची सोय मिळते. आपण गणपतीचे दर्शन घेतो आणि उतरतो. तसे न करता त्या दालनात दोन मिनिटे उभे राहावे. एवढे मोठे दालन, पण मध्ये एकही खांब नाही. बाजूंना लहान लहान खोल्या आहेत. त्या भिक्षूंच्या निजण्याच्या खोल्या. म्हणजे हे मुळात विहार. पुढे केव्हा तरी येथे गजानन आले. एका समाजाने सोडलेले घर दुसऱ्याने देवघर म्हणून जपले, आणि त्यामुळे ते आजवर झाडूनपुसून राहिले.

शेजारच्या चैत्यगृहाशी थांबावे. तेथे ब्राह्मी लिपीत एक लेख आहे. हे चैत्यगृह सुलसदत्ताने दान दिले. तो हेरणिकाचा मुलगा आणि राहणारा कल्याणचा, असा त्याचा आशय. हेरणिक म्हणजे सोनार किंवा पैशाचा व्यवहार पाहणारा. आता पाहा, कल्याणच्या माणसाने सह्याद्री चढून येथे चैत्यगृह का कोरवावे? त्याचे येणेजाणे असल्याखेरीज हे होत नाही. जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीचे दान आहे, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत, आणि स्वतःला 'यवन' म्हणविणाऱ्या तिघांचीही दाने आहेत. एकाने पाण्याची टाकी दिली, एकाने भोजनमंडप दिला, एकाने दर्शनी भाग करविला. हे लोक समुद्रापलीकडून आलेले किंवा तशांच्या वंशातले. राजांची नावे इतिहासाच्या पुस्तकात येतात. येथे मात्र सोनार, कासार, बुरूड आणि दाणेवाले ह्यांनी आपली नावे दगडावर ठेवली आहेत. आपल्या मुलांना ही गोष्ट आवर्जून सांगावी, कारण आपणही बहुतेक त्यांच्यातलेच आहोत.

जुन्नरचा दुसरा मानबिंदू शिवनेरी. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवछत्रपतींचा जन्म येथे झाला. गडाला एकामागून एक सात दरवाजे आहेत. वर शिवाईचे देऊळ, अंबारखाना, जन्मस्थानाची वास्तू, गंगा-जमुना ही टाकी आणि टोकाला कडेलोटाचा कडा. चढ पायऱ्यांचा आहे, सावकाश गेल्यास घरातल्या बहुतेकांना जमतो. ज्यांना जमत नाही त्यांनी दरवाज्याच्या सावलीत बसून राहण्यात काही कमीपणा नाही. मात्र त्यांच्याजवळ घरातले एक माणूस आपखुशीने थांबावे.

शिवनेरीवर दोन प्रश्न मुलांपुढे ठेवावेत. पहिला, गडाच्या पोटात बौद्ध लेणी कशी? दुसरा, महाराजांचा जन्म जेथे झाला तो गड त्यांच्या हयातीत स्वराज्यात का आला नाही? जन्म झाला तेव्हा गड निजामशाहीचा होता. त्याच निजामशाहीचा पाया मलिक अहमदाने १४९० साली घातला, तोही जुन्नरातूनच. निजामशाही बुडाली आणि १६३७ च्या सुमारास गड मोगलांकडे गेला. १६५७ साली महाराजांनी जुन्नर शहर लुटले, पण गड हाती लागला नाही. तो मराठ्यांकडे आला पुढे शाहू महाराजांच्या काळात. दोन्ही प्रश्नांचे उत्तर पुन्हा एकच. समुद्राकडून येणारी वाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती जकात. आणि ज्याच्या हाती शिवनेरी, त्याच्या ताब्यात वाट. मोगलांनी गड मुठीत घट्ट धरून ठेवला तो त्यासाठी. भिक्षूंनी जेथे पाण्याची टाकी खोदली, तेथेच पुढे शिबंदी राहिली. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले घेतले, त्यांत शिवनेरी आहे. आनंदाची गोष्ट आहे. पण यादीत नाव आले म्हणून टाक्यातल्या पाण्यावर तरंगणारी प्लॅस्टिकची बाटली आपोआप बाहेर निघत नाही. ती आपल्यापैकीच कोणी तरी टाकलेली असते.

दुसरा दिवस नाणेघाटाचा. जुन्नरहून पश्चिमेकडे तीस-पस्तीस किलोमीटर. वाटेत चावंडचा किल्ला लागतो. कुकडीच्या उगमाशी कुकडेश्वराचे जुने कोरीव देऊळ आहे, तेथे शिदोरी सोडावी. उत्तरेला हडसर, आणि घाटाच्या तोंडाशी जीवधन. नकाशावर शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन ह्या चार ठिकाणी खुणा कराव्यात. मुलांच्या आपोआप ध्यानात येते, की हे चार पहारेकरी एका वाटेच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत.

माथ्यावर पोचलो की जमीन संपते आणि खाली कोकण दिसते. हीच ती भिंत, आणि हीच तिची फट. माथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. येणारे व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात. मुलांना हे सांगावे, पण लोक सांगतात असे म्हणून सांगावे. दगडावर जे लिहिले आहे तो पुरावा, आणि जिभेवर जे चालत आले ती परंपरा. दोन्ही मोलाची आहेत. त्यांची गल्लत मात्र करू नये. पावसाळ्यात येथे कड्यावरून पडणारे पाणी उलटे वर उडते. समुद्राकडचा वारा कड्यावर आदळून वर चढतो आणि त्या झोतात पाणी माघारी फिरते. पाहण्यास मौज वाटते, पण कड्याच्या टोकाशी कोणी जाऊ नये.

त्या फटीतून थोडे खाली उतरले, की डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांनी भरलेले लेणे लागते. सातवाहन घराण्यातली राणी नागनिका हिचा हा लेख, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा. प्रारंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल ह्यांना नमन आहे. मग केलेल्या यज्ञांची नोंद आणि दिलेल्या दक्षिणेच्या याद्या : गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. ह्या याद्या आकड्यांत आहेत. त्यात शून्य नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. आपण आज जे अंक लिहितो त्यांच्या पूर्वजांपैकी काही येथे भेटतात. ज्या मुलाकडे हिशेबाचे काम दिले होते, त्याला येथे बोलवावे.

मागच्या भिंतीवर एके काळी राजघराण्यातल्या माणसांच्या पुरुषभर उंचीच्या मूर्ती होत्या. संस्थापक सिमुक सातवाहन, राजा सातकर्णी आणि राणी नागनिका, त्यांचे कुमार, आणि महारठी. मूर्ती गेल्या. वर कोरलेली नावे राहिली.

आता त्या दुसऱ्या फेरीची गोष्ट. पाठी मोजणाऱ्या त्या सहलीनंतर काही वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो. ह्या वेळी दोन दिवस, आणि बरोबर माझी आई. तिचे माहेर मुरबाडकडचे, म्हणजे ह्याच घाटाच्या पायथ्याच्या मुलखातले. लग्न होऊन ती देशावर आली ती बोरघाटातून आगगाडीने. नाणेघाट तिने कधी पाहिला नव्हता. दोघांनी हाताला धरून तिला लेण्यापर्यंत आणले. मी मुलांना नावे सांगत होतो. धाकट्याने विचारले, "नावे आहेत, मग माणसे कुठे गेली?" मी दगडाची झीज, पाऊस, वारा असे काही तरी सांगू लागलो. आई मात्र लेण्याकडे पाहतच नव्हती. तोंडाशी बसून ती खाली कोकणात पाहत होती. मग म्हणाली, "आमची आजी सांगायची, तिच्या लहानपणी तांदूळ आणि मीठ घेऊन बैल ह्याच वाटेने वर जायचे. मला ती गोष्टच वाटायची. वाट खरी आहे की रे." थोडा वेळ गेल्यावर धाकट्याला जवळ घेऊन तिने बोटाने दाखवले, "ते तिकडे, धुरकट दिसते ना, तिथे माझे घर होते. ह्या वाटेने खाली गेलास तर तुझ्या पणजीच्या आजीकडे पोचशील."

पोरगा त्या वाटेकडे पाहत राहिला. त्या क्षणापर्यंत नाणेघाट माझ्या माहितीचा होता. त्यानंतर तो त्याच्या घरचा झाला. कल्याणचा सुलसदत्त ज्या वाटेने चढून आला, त्याच वाटेने आमच्या घरचे मीठ चढत होते, हे मला तोपर्यंत कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. पुढच्या वर्षी आई गेली. ती आमच्याबरोबर केलेली तिची शेवटची सहल ठरली. तिला घरी ठेवून गेलो असतो, आणि तसा विचार आम्ही केला होता, तर ती वाट तिच्याबरोबरच गेली असती.

म्हणून माझे आपल्याला सांगणे आहे, की वृद्धांना अडचण समजून मागे ठेवू नये. चार ठिकाणे कमी पाहावीत, पण त्यांना न्यावे. लेण्यातले लेख वाचण्यास पंडित आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनातले लेख वाचण्यास आपल्याखेरीज कोणी नाही, आणि त्या लेखांची झीज दगडापेक्षा फार लवकर होते.

आणखी एकच गोष्ट. आपल्या लेण्यांत आणि किल्ल्यांवर आज नवी नावे दिसतात. खिळ्याने, खडूने, रंगाने लिहिलेली. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने संरक्षित स्मारकाला इजा करणे गुन्हा आहे. पण कायद्याचा पहारेकरी प्रत्येक भिंतीशी उभा राहू शकत नाही. सुलसदत्तानेही आपले नाव लिहिले आणि ह्या मुलांनीही लिहिले, मग फरक कोणता, असे मला एका विद्यार्थ्याने विचारले होते. मी त्याला म्हटले, सुलसदत्ताने आधी चैत्यगृह दिले आणि मग नाव लिहिले. तू काय दिलेस ते आधी सांग. ही शिकवण शाळेत होत नाही. आईबापांच्या बरोबर हिंडताना, त्यांनी कागदाचा कपटा उचलून पिशवीत टाकलेला पाहून ती होते.

तेव्हा, श्रोतेहो, येत्या थंडीत दोन दिवस काढावेत. एक नकाशा, एक वही, घरची शिदोरी, आणि गाडीत पुढच्या जागेवर घरातले सर्वांत वडील माणूस. वाटेत जेथे थांबाल तेथे मुलाला विचारा, "हे इथेच का?" उत्तर आपल्याला आले नाही तरी चालेल; परत आल्यावर दोघांनी मिळून शोधावे. आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला जरूर विचारा, "काय पाहिलेस?" त्याचे उत्तर हीच आपल्या सहलीची परीक्षा.